बिबियानाची अर्धी सुपारी

आमच्या मिशनच्या सिस्टर, मेलेआने त्यांचं नाव, सकाळी देवळाचं दार उघडायच्या तेव्हा आधी पायऱ्या बघायच्या आणि मग माझ्या नणंदेचं तोंड. दोन्ही लाल असायची. मग रोजचं भांडण सुरू व्हायचं.

"बिबियाना, हे देवाचं घर आहे. पिचकाऱ्या मारायला एवढा समुद्र कमी पडला?"

"पायऱ्या दिसल्याच नाहीत, सिस्टर."

"तुला दिसतं तरी काय!"

यावर बिबियाना आपला जाड भिंगांचा चष्मा नाकावर वर ढकलायची आणि खो खो हसायची. सिस्टर मूळच्या लांबच्या तोंगा बेटांवरच्या. तिकडची माणसं सुपारी खात नाहीत, कसल्याशा मुळीचं गढूळ पाणी पितात आणि गोल करून बसल्या जागी पेंगतात, असं बिबियाना आम्हाला सांगायची. "आपण निदान जागे तरी असतो," म्हणायची. सिस्टरांनी हे ऐकलेलं असायचं. त्या धिप्पाड बाईचं हसू दाबलेलं असलं तरी खांद्यांवरून कळायचं.

तो चष्मा सिस्टरांनीच दिलेला. परदेशातून मिशनकडे जुन्या चष्म्यांची पेटी आली होती. त्यातला एकेक नाकावर चढवत बिबियाना दुपारभर देवळात बसली होती. एक जुळला तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं वहिनी, तुझे दात असे आहेत होय!" चष्म्याशिवाय तिला माणूस आणि माडाचा बुंधा यांत फरक कळत नसे. एकदा तिने एका बुंध्याला वाट विचारली होती. हे मी तिला मरेपर्यंत ऐकवलं.

समोर, पाण्यापलीकडे, बुगनविल. आमच्या शॉर्टलंड बेटांच्या किनाऱ्यावरून तिथले डोंगर दिसतात. लेकीबाळी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आलेल्या, कुळंही तीच; धनेश पक्ष्याचं कूळ तिकडेही आणि इकडेही. मग तिकडे लढाई पेटली. बंड मोडायला सरकारच्या सैन्याने समुद्र बंद केला. मीठ, रॉकेल, औषध काही म्हणजे काही पलीकडे जाऊ देईनात. बायका झाडपाल्यावर बाळंत व्हायला लागल्या, पोरं साध्या तापाने मरायला लागली. मग लोक होड्यांत बसून आमच्याकडे येऊ लागले. यायचे ते झोडपणाऱ्या पावसात, कारण पावसाच्या पडद्यामागून गस्तीच्या बोटींना होडी दिसत नाही. बुडण्याची भीती असायची, पण गोळीपेक्षा ती बरी वाटायची.

आमचं देऊळ ते केवढं. झावळ्यांचं छप्पर, आठवणीत राहील असं काही नाही त्यात. फादर अधूनमधून लाँचने यायचे, बाकी सगळा कारभार सिस्टरांचा. त्यांनी बाकं जोडून खाटा केल्या, वेदीमागे औषधं मांडली, आणि रताळी, अळूचे कंद, नीरफणस जे कुणी आणून देईल ते मोठ्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. पातेलं माझ्याकडे होतं. माणसं उतरवून घ्यायचं काम बिबियानाकडे. ती कमरेएवढ्या पाण्यात शिरायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन यायची. एक चष्मा असाच समुद्रात घालवल्यावर सिस्टरांनी पेटीतून दुसरा शोधून दिला, पण तिला फार बोल लावले होते. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी ती चष्मा काढून माझ्या हातात द्यायची.

आणि वाळूवर पाय टेकवल्यावर ती एक करायची. कमरेच्या पिशवीतून ओली सुपारी काढायची, सुरीने तिचे दोन भाग करायची, एक आलेल्या माणसाच्या तोंडात आणि दुसरा आपल्या. वर पानाऐवजी खातात ती वेलीची शेंग आणि चिमूटभर चुना. आमच्याकडे एका सुपारीचे दोन भाग ज्यांनी खाल्ले त्यांनी एकमेकांवर हात उचलायचा नसतो. नुसतं त्या दोघांनी नाही, देणाऱ्याच्या अख्ख्या कुळाने. बाई देत असेल तर ते आणखीनच पक्कं, कारण आमच्यात कूळ बाईवरून चालतं.

"आधी नाव तरी विचार, मग दे," मी तिला किती वेळा म्हटलं असेल.

"नाव विचारलं की कूळ निघतं, कूळ निघालं की भांडण निघतं," ती म्हणायची. "आधी तोंड भरू दे बिचाऱ्यांचं."

आता आलोइसचं सांगायला हवं. आलोइस माझा नवरा आणि बिबियानाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे बिबियानानेच त्याला वाढवलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, सगळा जीव त्याच्यात. तो सिस्टरांची औषधं होडीतून पलीकडे पोचवायचा. मी नको म्हणायचे, तो हो हो म्हणायचा आणि जायचा. एकदा गेला तो आला नाही. पुढे पलीकडून आलेल्या एका बाईने सांगितलं की नदीच्या मुखाशी सैन्याविरुद्ध लढणाऱ्या, बंदुका घेतलेल्या पोरांनी त्याला सैन्याचा खबऱ्या समजून गोळ्या घातल्या आणि होडी घेऊन गेले. प्रेत सापडलं नाही. औषधं चिखलात पडली होती म्हणे.

मी घारकुळाची, आलोइस धनेशकुळाचा. आमच्या रीतीने त्याच्यासाठी रडण्याचा हक्क माझा, पण त्याच्या मरणाचा जाब विचारण्याचा हक्क त्याच्या आईच्या कुळाचा. म्हणजे बिबियानाचा, आणि तिच्या मामाचा, गास्परमामाचा. गास्परमामा धनेशकुळाचा म्होरक्या, शब्दाचा पक्का. त्याने सगळ्यांसमोर शपथ घेतली होती की मारणारा हाती लागला तर जीव घेईन. मी त्या शपथेवर जगत होते. बिबियाना मात्र त्या दिवसापासून रडली नव्हती. दगड झाली होती म्हणा ना. माणसं उतरवायची, सुपारी कापायची, हसायचीसुद्धा, पण डोळ्यांतून टिपूस नाही. याचा मला राग यायचा.

तर तो दिवस. दुपारची वेळ होती पण दिवेलागण झाल्यासारखं अंधारून आलं होतं आणि पाऊस आडवा मारत होता. इंजिनाची खरखर ऐकू आली, थांबली, पुन्हा आली. बिबियानाने चष्मा काढून माझ्या हातावर ठेवला आणि पाण्यात शिरली. मी कांबळी घेऊन वाळूवर उभी. होडीतून तिने एका म्हातारीला उतरवलं, मग दोन पोरं, मग एक पोटुशी बाई. शेवटी एक तरुण उतरला. मांडीला बांधलेलं फडकं रक्ताने भिजलेलं. दोन पावलं टाकून तो पाण्यातच कोसळला. बिबियानाने त्याला बगलेत धरून फरफटत वाळूवर आणलं, सुपारी कापली, अर्धी त्याच्या तोंडात कोंबली, अर्धी आपल्या.

रिकामी होडी लाटेने फिरली आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, माझ्याकडे झाली.

नाळेवर ठिगळ होतं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून मारलेलं. ते झाकण मी धरलं होतं आणि आलोइसने खिळे ठोकले होते. एक घाव माझ्या अंगठ्यावर बसला, मी किंचाळले, त्याचा हात हलला आणि शेवटचा खिळा वाकडा बसला. तो वाकडा खिळा तिथे होता.

मी ओरडले, "आलोइसची होडी! आलोइसची होडी आहे ही!"

बिबियानाचं चावणं थांबलं. ती आवाजाच्या रोखाने वळली. "काय म्हणालीस?"

मी तिच्याजवळ धावले, खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "नाळेवरचं ठिगळ बघितलं मी. याच पोराने आणलीय. थुंक बिबी, आधी थुंक!" लगेच थुंकली असती तर सुपारी मोडली असती, आमच्यात ते चालतं.

पाऊस तिच्या तोंडावरून वाहत होता. त्या पोराचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिने माझ्याकडे तोंड केलं आणि तो सगळा तिखट लाल चोथा, जो कुणी कधी गिळत नाही, तो तिने गिळला. मला तिच्या नरड्याची हालचाल दिसली. तिला तिथेच गाडावं असं वाटलं मला.

सिस्टरांनी त्याला देवळात घेतलं, वेदीसमोरच्या बाकावर निजवलं, मांडी उघडली. गोळी आरपार गेली होती. गस्तीच्या बोटीने मारलेली. त्याचं नाव लिनुस कांकु. मी पातेलं सोडून त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "होडी कुठली?"

"नदीच्या मुखावरची," तो म्हणाला.

"तिच्यात माणूस होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कोण ते त्याला कळलं असावं. "होता," तो म्हणाला. "आम्ही चौघं होतो. खबऱ्या आहे असं आम्हाला सांगितलं होतं. गोळी कुणाची लागली ठाऊक नाही, बाई. माझीपण सुटली होती. मग पेट्या उघडल्या तर औषधं." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. "त्यानंतर मी बंदूक टाकली. होडी ठेवली. जेवढी माणसं आणता येतील तेवढी आणतोय."

बरं वाटावं मला हे ऐकून? मला काही बरं वाटलं नाही. सिस्टर जखमेत कापूस भरत होत्या आणि मला तो कापूस उपटून काढावासा वाटत होता.

माझं ओरडणं गावभर पोचलं होतंच. पाऊस ओसरतोय तोवर गास्परमामा आला. मागे धनेशकुळाचे पुरुष, हातात कोयते. देवळातली पोरं बाकांखाली शिरली. पोटुशी बाई भिंतीला चिकटून बसली. सिस्टर दारात जाऊन उभ्या राहिल्या. ते दार त्यांनी सहज भरून टाकलं.

"कोयते बाहेर ठेवा, गास्पर."

"सिस्टर, बाजूला व्हा. तुमच्याशी भांडण नाही, तुमच्या देवाशीही नाही. आमचा माणूस गेलाय, त्याचा जाब आहे हा."

"मला ओलांडून जावं लागेल."

"मग ओलांडू," गास्परमामा म्हणाला. आवाज चढवला नव्हता. त्याने सिस्टरांना दोन्ही खांद्यांना धरलं आणि एखादं जड कपाट सरकवावं तसं बाजूला केलं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखल्यामुळे नव्हे. एवढी वर्षं ज्यांच्या पोरांना टोचून, धुऊन, शिकवून वाढवलं त्यांनी असं हलवावं म्हणून.

"थांबा मामा," बिबियाना म्हणाली. ती लिनुसच्या बाकाला धरून उभी होती, ओल्या कपड्यांनी. "त्याने माझी सुपारी खाल्लीय."

पुरुष थबकले. कोयते खाली आले. सुपारीचं वजन असंच आहे आमच्यात.

पण गास्परमामाला रीत माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तो म्हणाला, "अजाणता दिलेली सुपारी ही सुपारी नव्हे. एकच सांग. दिलीस तेव्हा होडी कुणाची हे तुला ठाऊक होतं?"

तिने 'नव्हतं' म्हणायचं, की सुपारी फुकट आणि लिनुसला बाहेर ओढून नेतील. 'होतं' म्हणायचं, तर लिनुस वाचेल, सगळ्या कुळाचे हात बांधले जातील. पण जी बाई जाणूनबुजून भावाच्या वैऱ्याला सुपारी देते तिला कूळ टाकतं. तिला चुलीपाशी जागा नाही, भावाच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात जागा नाही, मेल्यावर कुळाच्या जमिनीत जागा नाही.

"ठाऊक होतं," बिबियाना म्हणाली. "खडकांच्या रांगेपलीकडे होती तेव्हाच ओळखली मी."

"भावाची होडी ओळखून त्याच्या वैऱ्याला दिलीस?"

"दिली."

गास्परमामाचं तोंड राखेसारखं झालं. पण तो मूर्ख नव्हता. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा चष्मा कुठाय?"

"डोळ्यांवर होता. मग पाण्यात शिरताना वहिनीकडे दिला."

"त्या पावसात, खडकांच्या रांगेपलीकडचं, तुला चष्म्यातून दिसलं?"

"माझ्या भावाची होडी होती, मामा."

गास्परमामा माझ्याकडे वळला. "सेफोरा, तू तिच्याशेजारी होतीस. ओरडलीस तू. मग ओळखली कुणी? खरं सांग. तुझ्या नवऱ्याचा प्रश्न आहे."

चष्मा माझ्या मुठीत होता. दुपारी तिने दिल्यापासून तसाच. होडी खडकांपलीकडे असताना, इंजिन नुसतं खरखरत असताना, तो माझ्या हातात आला होता. एक शब्द बोलायचा होता मला. जो जाब विचारायचा हक्क रीतीने मला कधी दिला नव्हता तो त्या घडीला माझ्या तोंडात होता. मला तो पोरगा मेलेला हवा होता. आजही कुणी विचारलं तर सांगेन, हवा होता.

मी बिबियानाकडे पाहिलं. ती माझी विनवणी करत होती, डोळ्यांनी. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या बाजूला छपराचा खांब होता, त्यावर कुणीतरी ओलं कांबळं टाकलं होतं, आणि ती त्या खांबाकडे बघून विनवत होती. मीच ती, असं समजून. आणखी दोन क्षण गेले असते तर गास्परमामाला ते कळलं असतं.

भावाला वाढवलेली बाई, उद्यापासून कुणाची नसणारी, आणि खांबाकडे बघतेय.

मी दोन पावलं डावीकडे सरकले आणि त्या खांबासमोर, तिच्या नजरेच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"तिनेच ओळखली, मामा," मी म्हटलं. "चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. तिने दाखवली म्हणून मी ओरडले."

गास्परमामाने कोयता कमरेला खोवला. "सुपारी पाळली जाईल," तो म्हणाला, पुरुषांना उद्देशून. आणि बिबियानाला, तिच्याकडे न बघता, "तुझी आई माझी सख्खी बहीण होती. बरं झालं गेली." तो बाहेर पडला. जाताना दारात त्याने सिस्टरांसमोर मान खाली घातली.

लिनुस पुढे बरा झाला, लढाई संपेपर्यंत पलीकडून आलेल्या लोकांच्या छावणीत राहिला आणि मग आपल्या गावी परत गेला. वर्षातून एकदा तो बिबियानाला ओल्या सुपारीचा घड आणून द्यायचा. मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला माफ कर असं सिस्टर मला किती वेळा म्हणाल्या. मी म्हटलं, मी एकदा तोंड उघडलंय, तेवढं पुरे. बिबियाना मिशनच्या मागच्या खोपटात राहायला गेली ती कायमची. कुळाच्या चुलीपाशी तिला कुणी बोलावलं नाही. आलोइसच्या वर्षश्राद्धाला ती देवळापाशी आमची पातेली घासत बसली होती आणि मी माझं ताट उचलून तिच्याकडे नेलं. माणसं येतच राहिली, ती सुपारी कापतच राहिली. गेली तेव्हा सिस्टरांनी तिला देवळाच्या जमिनीत जागा दिली, पायऱ्यांच्या अगदी जवळ.

पण त्या दिवशी संध्याकाळी काय झालं ते राहिलंच. पाऊस थांबला होता, पश्चिमेकडे पिवळा उजेड पडला होता. आम्ही दोघी देवळाच्या मागच्या बाजूला बसलो होतो. आत सिस्टर पोरांना गाणं म्हणायला लावत होत्या, भीती जावी म्हणून.

"वहिनी," बिबियाना म्हणाली, "तू देवळात खोटं बोललीस."

"तू आधी बोललीस."

"माझं एक कारण होतं. तो माझ्या मांडीवर होता गं. आलोइस लहानपणी तापात असायचा तसाच जड." ती माझ्याकडे वळली. "तुझं काय कारण होतं?"

"तू खांबाकडे बघत होतीस."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती हसायला लागली, अगदी पोट धरून, आणि मीही. असं हसू नये अशा दिवशी, पण हसलो. मग तिने हात पुढे केला. "दे."

मी मूठ उघडली. भिंगावर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. तिने तो कापडाच्या कोपऱ्याने सावकाश पुसला, नाकावर चढवला, उठली आणि किनाऱ्याकडे चालू लागली. मी मागोमाग.

होडी कुणीतरी वर ओढून ठेवली होती. बिबियाना नाळेपाशी गुडघ्यांवर बसली. तिने ठिगळावरून हात फिरवला, एकेक खिळा चाचपला. वाकड्या खिळ्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने चेहरा अगदी जवळ नेला.

"ही तर त्याचीच आहे गं," ती म्हणाली. आणि आलोइस गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.